हरणांवरचा आळ

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, साहेबाला साहेब म्हणतात. तिला मात्र सगळे लेंडीबाई म्हणायचे, तेही तोंडावर आणि प्रेमाने. कामच तसं होतं. व्हरांड्याच्या टोकाची खोली तिची. तिथे शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या मिठाच्या पाण्यात कुस्करायच्या, चहाच्या गाळणीतून गाळायच्या आणि वर तरंगून आलेली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. साहेबांनी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. अहवालावर सही मात्र त्यांचीच, आणि काय झोकदार सही! घरी नवरा रोज विचारायचा, "हात धुतलेस ना गं?" एकवीस वर्षं हाच प्रश्न. संसारात सातत्य असावं तर असं.

त्या वर्षी माळावरच्या शेळ्या पटापट मरायला लागल्या. जबड्याखाली सूज, पापणी उलटून पाहावी तर आत पांढरंफटक. रक्त पिणारा जंत, दुसरं काय! पण जंत दिसत नाही आणि हरणं दिसतात. अख्ख्या कोरड्या माळावर पाण्याचा हौद एकच. तो गळायचा, म्हणून त्याच्याभोवती थोडं हिरवं गवत. तिथे दिवसा शेळ्या चरायच्या आणि पहाटे हरणं. झालं! जो तो हरणांच्या नावाने बोटं मोडायला लागला. हौदाला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. मग हरणांनी पाणी कुठे प्यायचं, हे विचारायला त्यांच्यापैकी कुणी बैठकीला आलं नव्हतं.

साहेबांनी लेंडीबाईला बोलावलं. "हरणांचे नमुने आणा. अहवाल मी लिहूनच ठेवलाय, फक्त आकडे भरायचेत."

ती हौदावर गेली. हरणांच्या लेंड्या वेचल्या. शेजारीच धाकट्या भावाचा कळप चरत होता, त्याच्याही घेतल्या. भावाने बारा दिवसांपूर्वीच जंताचं औषध पाजलं होतं, तेव्हा त्याच्या शेळ्यांत अंडी सापडायलाच नको होती.

हरणांत अंडी निघाली, पण तुरळक. भावाच्या शेळ्यांतली मोजता मोजता मान अवघडली. औषधाने जंत मेलेच नव्हते. शेळ्या ते त्या ओल्या गवतावर पसरवत होत्या आणि हरणं बिचारी मुकाट्याने खात होती.

दुसऱ्या दिवशी तिने भावाला गाठलं. "औषध किती पाजलंस रे?"

"हे काय विचारणं झालं? तुझं टोपण आहे की!" त्याने खिशातून बाटलीचं टोपण काढलं. आत लाल रेघ, तिच्याच नेलपॉलिशची. "सगळ्यांनी आपापल्या टोपणाला हीच रेघ मारून घेतलीय. ताईचं माप म्हणजे काय चेष्टा आहे?"

तिने टोपण त्याच्या हातातून काढून घेतलं. ती रेघ बारा वर्षांपूर्वीची, मेंढ्यांसाठी मारलेली. तेव्हा माळावर मेंढ्याच होत्या. पुढे चारा घटला, लोकांनी मेंढ्या विकून शेळ्या घेतल्या, टोपण तेच राहिलं. शेळीचं अंग औषध लवकर बाहेर टाकतं, तिला मेंढीपेक्षा जास्त लागतं. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. प्रशिक्षणात सुवाच्य अक्षरात लिहूनही घेतलं होतं. भावाला सांगायचं तेवढं राहून गेलं, बाकी वही अगदी नीटनेटकी! अपुऱ्या औषधातून जे जंत तगले, त्यांचीच पिलावळ आता माळभर झाली होती.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? अहवाल तयार, कुंपणाची तार आलेली. पण उन्हाळा तोंडावर होता, आणि कुंपण झालं असतं तर हरणं आठवडाभरात तहानेने मेली असती. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिला भावाची भीती वाटत होती आणि स्वतःची लाजही वाटत होती.

बैठकीत ती उठली. "कुंपण घालू नका. हरणांनी काही केलेलं नाही, चूक माझी आहे." टोपण वर धरून तिने सगळं सांगितलं. साहेब छताचा पंखा न्याहाळत राहिले, जणू तो आजच बसवला होता. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "बाई, आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला हो." कुंपण रद्द झालं. लोक तिला वळसा घालून पांगले.

भाऊ तेवढा थांबला. "मग आता रेघ कुठे मारू, ताई?"

"कुठेच नको. हे जंत त्या औषधाला आता दाद देणार नाहीत. बाटलीभर पाजलंस तरी."

"दुसरं औषध?"

"मागवलंय. यायला महिना लागेल."

"महिन्यात माझा निम्मा कळप जाईल. म्हणजे तू आज उठून बोललीस ती हरणांसाठी?"

"हो," ती म्हणाली. "तुझ्या शेळ्यांसाठी बोलायची वेळ मी कधीच घालवली रे."