वेणीतून आलेलं नाणं

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "झोपेतच गेली गं, सकाळी चहाला उठलीच नाही," भाऊ म्हणाला. रडू आलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं... आत्या निष्कलंक गेली. एके काळी करंगळीच्या नखाहून लहान अशा एका सोन्याच्या नाण्यापायी तिच्यावर चोरीचा आळ आला होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. राहायची बदलापूरला बेलवलीत, आणि उल्हासनगरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे खुब्याचं हाड मोडलेली एक सिंधी म्हातारी आली. सगळे तिला अम्मा म्हणत. ती पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. अम्मा घरी गेल्यावरही आत्या ड्युटी संपली की रोज तिच्याकडे जायची, तिला धरून उभी करायची. "अम्मा, एक पाऊल. बस, एकच." आठ महिन्यांनी अम्मा स्वतःच्या पायांनी गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. त्या दिवशी तिने आत्याच्या मुठीत एक पुडी कोंबली. आत इवलंसं अष्टकोनी नाणं, एका बाजूला कुणा बाईचं मस्तक. पुडीच्या कागदावर सिंधीत काही ओळी. "पुट, संभाल के रखना," एवढंच अम्मा म्हणाली. पुट म्हणजे सिंधीत बाळ.

पुढच्या वर्षी अम्मा वारली. पंधरा दिवसांत तिचा मुलगा बेलवलीला हजर. "सिस्टर, दादाजी का सिक्का नहीं मिल रहा." आत्याने लगेच कपाटातून काढून दिलं. "अम्मांनी दिलंय मला."

"अम्मा ने हमें तो कुछ नहीं बताया."

नाणं घेऊन तो मुंबईतल्या एका जाणकाराकडे गेला. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा सुट्ट्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून तिथल्या लोकांनी खासगीत पाडलेलं हे पाव डॉलरचं नाणं. आता क्वचितच दिसतं, असं कळलं. झालं! एवढी दुर्मीळ वस्तू नर्सला कोण देईल? मुलाने नर्सिंग होममध्ये जाऊन चोरीची तक्रार केली, आणि त्यांनी आत्याला तूर्त येऊ नका म्हणून सांगितलं.

कागद मात्र आत्याकडेच होता. पण अरबी वळणाची ती लिपी मुलालाही येईना. तो देवनागरीत शिकलेला. शेवटी उल्हासनगरच्याच कॅम्प चार वस्तीत एक निवृत्त सिंधी मास्तर सापडले. मी म्हटलं, "आधी आपण दोघीच जाऊ. नुसती बाजाराची यादी निघाली तर?"

"नाही. त्याच्यासमोरच वाचायचं. जे असेल ते."

मास्तर वाचत गेले, हिंदीत सांगत गेले. अम्माच्या सासऱ्यांचं परदेशातल्या एका बंदरात रेशमाचं दुकान होतं. तिथे एका म्हाताऱ्या खलाशाने निरोप घेताना त्यांना हे नाणं दिलं होतं. "सिंध छूटा, तो मैं इसे चोटी में गूँथकर लाई. सुमन ने मुझे फिर से चलाया. अपने हाथ से, अपनी खुशी से उसे दिया है. कोई उससे कुछ न पूछे."

मुलगा जागचा उठला. मग आत्याच्या पायांशी वाकला. "दीदी, माफ करना." नाणं त्याने तिच्या तळहातावर ठेवलं आणि नर्सिंग होमलाही स्वतः जाऊन सांगून आला. बाहेर पडल्यावर आत्या एका ओट्यावर टेकली. "आधी कुठेतरी जेवू या गं," ती म्हणाली. "किती दिवस भूकच लागली नव्हती."

नाणं तिने लॉकरमध्ये ठेवलं. कागद मात्र फ्रेम करून भिंतीवर लावला. तो अजून तिच्या खोलीत तसाच आहे. त्या लिपीतलं एक अक्षरही तिला येत नव्हतं, पण पाहुणा आला की काचेवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत ती सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायची. आणि शेवटच्या ओळीशी आली, की खुदकन हसायची.