अळूच्या शिरा आणि सातवीचं विज्ञान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, कारण हा मूर्खपणा मी भर वर्गात, मोठ्या मॅडमसमोर केलाय!

नाशिकच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. शिक्षण मात्र वनस्पतीशास्त्राचं! मला हवं होतं सातवीचं विज्ञान. मागून मागून जीभ झिजली, तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, "एक पाठ घेऊन दाखवा. आवडला तर वर्ग तुमचा."

बस्स! विषय घेतला पानांचा शिराविन्यास. गवताच्या शिरा समांतर, जास्वंदीच्या जाळीदार, हे कुणीही दाखवेल हो. मी दाखवणार अळू! एकदल असूनही शिरा जाळीदार. मॅडम गार व्हायला हव्यात! कळवणच्या माहेराहून परसातली सुपाएवढी पानं मागवली. शिरा बोटभर जाड.

सकाळी स्वयंपाकघरात पानं पुसता पुसता उजळणी सुरू केली. "मुख्य शीर... उपशिरा... त्यांचं जाळं..." तोंड चालू, हातही चालू. उशीर झाला तशी पानं पेपरात गुंडाळली आणि पळाले.

मागच्या बाकावर मोठ्या मॅडम बसलेल्या. मी ऐटीत पानं वाटली. "डोळे मिटा, पानाच्या मागून बोट फिरवा. लागतात ना शिरा?"

"नाय मॅडम, सपाट हाय," पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली.

"नीट चाचप!"

"खरंच नाय लागत."

"लागणार म्हणजे लागणार! दाबून घास!" मी काय माघार घेणारी आहे? सगळ्या वर्गाला घासायला लावलं. मोठ्या मॅडमच्या हातातही एक पान दिलं. "तुम्हीच सांगा यांना!"

त्यांनी पान चोळलं, आणि हळूच तळहात खाजवायला लागल्या. मग पहिला बाक. मग अख्खा वर्ग!

मी पान हिसकावून बघितलं आणि पायाखालची जमीनच सरकली. शिरा नव्हत्याच! उजळणी करता करता माझ्या हातांनी सवयीने सुरी घेऊन एकेक शीर तासली होती, वर लाटणंही फिरवलं होतं. थेट अळूवडीची तयारी!

"अहो बाई," मोठ्या मॅडम खाजवत म्हणाल्या, "बेसन कुठाय?"

वर्ग जो काय हसला म्हणता! मला तर रडू फुटायचं बाकी होतं. तरी म्हटलं, "मॅडम, अजून एक संधी द्या."

सोमवारी त्यांनी बोलावलं. "तुमचा हात बघूनच काम द्यायचं ठरवलंय." माझी छाती फुगली.

"आजपासून पोषण आहाराचं स्वयंपाकघर तुमच्याकडे!"

पण सातवीचं विज्ञान मी घेणार म्हणजे घेणारच! तोवर खिचडी ढवळतेय.