काकांची हजेरी

आमच्या गावात कुणाचं शेत नांगरायचं राहिलं, तर चार घरचे बैल न बोलावता येत. कोण आलं, कोण नाही, हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटत नसे. पुढं गावात दूध संस्था निघाली आणि लिहून ठेवायला मी आलो. केज तालुक्यात तेव्हा बारावी पास आणि अक्षर बरं, एवढं सचिव व्हायला पुरे होतं. अक्कल कुणी विचारली नाही. विचारली असती तर गावाचं भलं झालं असतं.

संस्थेची वार्षिक सभा म्हणजे निव्वळ सोंग. नोटिशीवर वेळ अकराची. अकराला चेअरमन, मी आणि सतरंजी. घड्याळाकडं बघून मी 'कोरमअभावी सभा तहकूब' असं लिहायचो. अर्ध्या तासानं तीच सभा त्याच सतरंजीवर पुन्हा भरायची, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. तरी कागदाला शोभा यावी म्हणून गेल्या सालची हजेरी मी जशीच्या तशी उतरवून काढायचो. ठरावांचे सूचक-अनुमोदकही त्यातलेच. मग चहा पिऊन लोकशाही आपल्या घरी जायची.

त्या हजेरीत माझे काका होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते वारले तेव्हा दहाव्याला केस मी दिले होते. ते केस पुरते उगवायच्या आत मी त्यांना सभेला हजर लिहिलं, आणि पुढची दोन वर्षंही लिहीत राहिलो. लबाडी करायचं डोक्यातही नव्हतं, नुसता आळस. आज मला लबाडीपेक्षा त्या आळसाचीच जास्त लाज वाटते.

मग दुष्काळ पडला. संस्थेनं उसाचं वाढं आणायचं ठरवलं, पण फक्त सभासदांच्या जनावरांसाठी. काकूकडं एकच म्हैस, तीही गाभण. काका गेल्यावर म्हैस दूध देत होती तोवर संस्थेत रोज दूध घालणारी काकूच, पण सभासद म्हणून नाव काकांचं. ती मृत्यूचा दाखला घेऊन आली. वारसनोंदीचा दोन ओळींचा ठराव, त्यात काय एवढं, म्हणून मी प्रोसिडिंग बुक उघडलं, तर दाखल्यावरच्या तारखेनंतरच्या तिन्ही सभांना काका हजर.

चेअरमननी मागची पानं चाळली. संस्थेची इमारत त्यांच्याच जागेवर बांधायचा ठराव गेल्या साली झाला होता, आणि त्याला अनुमोदन काकांचं होतं. त्यांनी वही मिटली.

"मेल्याली माणसं सभेला येतेत असं कागदावर घ्यू का बे?"

निदान वाढं तरी तसंच देऊ या, असं मी पुटपुटलो. त्यावर त्यांनी मला नियम समजावून सांगितला. उभ्या जन्मात एक नियम न पाळलेला माणूस मला नियम शिकवत होता आणि मी मान डोलावत होतो.

जुन्या कागदात अडचण आहे, काका अजून सभेला हजर दिसतात, असं मी काकूला सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. दाखला पदराच्या गाठीत बांधत एवढंच म्हणाली, "हायेत का त्ये तुमच्यात? मग त्येन्लाच इचार बाबा, म्हशीला काय घालू."

शेजारच्या चार बायांनी पाळी लावली. आज हिच्या घरची कडब्याची पेंढी, उद्या तिच्या घरची. ना नोटीस, ना ठराव, ना अध्यक्ष. पण त्यांच्याही दावणीला जनावरं होती. महिन्याभरात त्यांची गंज संपली. संस्थेच्या दारात वाढ्याचा ट्रक उतरत होता, त्याच दिवशी काकूची म्हैस बाजाराला निघाली. दावं माझ्या हातात होतं, कारण काकूच्या घरात दुसरं पुरुषमाणूस नव्हतं. ट्रकजवळून जाताना म्हैस वाढ्याकडं ओढ घेत होती आणि मी दावं खेचत होतो.

पावसाळ्यात पुन्हा सभा आली. अकरा वाजले, सभा तहकूब झाली. एकदम नाव गाळलं तर कुणीतरी विचारील, मागच्यासारखंच लिही, असं चेअरमन म्हणाले. मी हजेरी उतरवायला घेतली. काकांच्या नावापाशी माझा हात थांबला, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तो थांबला नाही. काकांपुढं मी 'हजर' लिहिलं, आणि अक्षर नेहमीसारखंच बरं आलं.