हिच्यासारखा रंग पाहिजे

मेकअपवाल्याने माझं मनगट धरलं आणि माझा हात हिरोईनच्या गालाला लावला. दिवा जवळ ओढला. एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा तिच्या गालाकडे. मग मागच्या माणसाला म्हणाला, "अजून काळी कर. हिच्यासारखा रंग पाहिजे."

मला कुणी विचारलं नव्हतं. रंगाच्या दुकानात पट्टी लावून बघतात, तसं बघितलं आणि हात सोडून दिला. हिरोईन गोड बोलणारी होती. म्हणाली, तुझी स्किन किती छान आहे गं. मानेपासून वर ती कातकरीण होत चालली होती. मानेखाली गोरीच होती.

मी कातकरी. अलिबागजवळच्या डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. आश्रमशाळेत शिकले, हॉटेलच्या कामाचा कोर्स केला आणि किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला लागले. आमच्या वाडीतल्या बायका तिथे जायच्या त्या झाडू मारायला, झावळ्या उचलायला. काउंटरच्या मागे उभी राहिलेली मी पहिली. मॅनेजर शिल्पा मॅडम पुण्याच्या. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, ते हाय-न्हाय इथे चालणार नाही. मी सोडलं. पुढे रिसॉर्टच्या वेबसाइटवर माझा फोटो लागला. खाली लिहिलेलं, आमच्या कुटुंबात सगळ्यांना जागा. फोटोत मी होते त्याहून बरीच उजळ होते. माझ्या आयला मोबाइलवर दाखवला तर ती म्हणाली, "ही कोण?"

मग ही वेबसिरीज आली. शूटिंग आमच्याच रिसॉर्टवर. हिरोईन कातकरी मुलगी झालेली. गर्दीला म्हणून आमच्या वाडीतल्या बायका आणल्या. कमळमावशी ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिला आत नेऊन ती सोडायला लावली आणि फाटकी दिली. कातकरी असे दिसत नाहीत म्हणे.

मॅडमनी मलाही काउंटरवरून उठवलं. एक वाक्य बोलायला अस्सल चेहरा हवा होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पडद्यावर आपल्यातलं कुणी मी कधी पाहिलंच नव्हतं.

प्रसंग असा होता. बंगल्यातली सोनसाखळी हरवते. मालक कातकरी बायकांना ओळीने उभं करतो. त्यातली एक त्याच्या पाया पडते. ती मी. दिग्दर्शकाच्या असिस्टंटने मला वाक्य वाचून दाखवलं.

"साहेब, आमची जातच चोर हाय. माफ करा."

आता हाय चालत होतं.

मी लहान असताना किहीमच्या एका बंगल्यात चोरी झाली होती. पोलिसांनी वाडीतले पुरुष उचलले. त्यात माझा बा होता. वस्तू नंतर मालकाच्या भाच्याकडे सापडली. तोवर कोठडीतल्या मारानं बाचा उजवा खांदा गेला होता. पुन्हा त्याला कुऱ्हाड उचलता आली नाही. माफी मागायला वाडीत कुणी आलं नाही.

कॅमेरा सुरू झाला. मी गुडघ्यावर बसले. समोर मालकाचं काम करणाऱ्या नटाचे बूट. माझं तोंड उघडेना. दिग्दर्शक म्हणाला, परत घेऊ. परत घेतलं. मग मी उठून उभी राहिले.

"हे मी बोलणार न्हाय."

तो चिडला नाही. लहान मुलीला समजवावं तसा म्हणाला, "अगं, ही तू नाहीयेस. हे कॅरेक्टर आहे."

"मग त्या कॅरेक्टरला जात माझी का दिली?"

दिग्दर्शक असिस्टंटकडे वळला. पाच-दहा मिनिटं कुजबुज झाली आणि ते वाक्य हिरोईनला दिलं. ती पाया पडली, रडली, बोलली. रंग ओघळला, तो पुसून परत लावला. शॉट संपला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायका ओळीत उभ्याच होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. कमळमावशी ओळीतून बाहेर पडली आणि आतून आपली साडी घेऊन आली. चारचौघांत तिने ती फाटकी साडी परकरावरून सोडली, तिथेच टाकली, आपली नेसली आणि वाडीच्या वाटेला लागली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. रिसॉर्टचं नाव खराब झालं म्हणाल्या. तुला एवढी संधी दिली, म्हणाल्या. आजपासून लाँड्रीत काम कर, पाहुण्यांसमोर येऊ नकोस.

मला ते मान्य नव्हतं. लाँड्री वाईट म्हणून नाही. वाडीतल्या बायका तिथे मान वर करून राबतात. पण मला तिथे लपवायला पाठवत होते.

मी म्हटलं, "कारण लिहून द्या."

"धमकी देतेस?"

"न्हाय. इचारतेय."

मॅडमनी लिहून दिलं नाही. मी बाहेर आले आणि काउंटरवर उभी राहिले. आलेल्या पाहुण्यांना खोल्या दिल्या. गावाचं नाव कुणी विचारलं तर वाडीचं सांगितलं.

मला काढतील, हे मला कळतं. आज नाही तर सीझन संपल्यावर. पण मी मुकाट्याने मागच्या दाराने जाणार नाही. सगळा स्टाफ उभा असताना मॅडमना कारण विचारणार. तेव्हा ते कारण त्यांना स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं बोलावं लागेल.