सातव्या मजल्यावरचा खेळ

मल्हारीला आयुष्यात कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि पन्नाशी उलटल्यावर मिळाली तीही नेमकी नको तिथे. विशीत तो नांदगावकडून नाशिकला आला. सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पत्रे कापले. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा सिक्युरिटी एजन्सीचा निळा गणवेश चढवला आणि गंगापूर रोडवरच्या एका कंपनीच्या फाटकात उभा राहिला. आठ वर्षं झाली तरी आतल्या तीनशे जणांपैकी एकालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. गळ्यातलं कार्ड त्याच्यापुढे नाचवायचं आणि मोबाइलमध्ये बघत आत जायचं, एवढीच ओळख.

दिवसपाळीला त्याच्या जोडीला झुंबरबाई होती. दिंडोरीकडची, सत्तावन्न वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेली. गार्डला दर दोन तासांनी इमारतीचा राउंड मारावा लागतो. जिन्यात प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक लोखंडी बटण चिकटवलेलं असतं. हातातलं मशीन त्याला टेकवलं की पीं वाजतं आणि गार्ड तिथे येऊन गेल्याची वेळ नोंदली जाते. एक राउंड मल्हारीचा, एक बाईचा. पहिल्याच आठवड्यात ती चौथ्या मजल्यावर भिंत धरून रडताना त्याला सापडली.

"दादा, कुणाला सांगू नका. ड्युटी हाय तवर सून ताट वाढती. ड्युटी गेली का मी घरातली अडगळ."

मल्हारीने त्याच दिवशी सातही मजल्यांची बटणं सुरीने उचकटली आणि खिशात टाकली. जुन्या गार्डांना ही युक्ती पाठ असते. तिची पाळी आली की तो बटणं तिच्या हातावर ठेवायचा. बाई खुर्चीत बसल्या बसल्या पीं पीं करून सात मजले चढून यायची. स्वतः मात्र तो सगळे जिने चढायचा, खोटं कशाला बोला. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तेवढ्याच एका कामासाठी त्याला चांगला माणूस म्हणता आलं असतं.

सातव्या मजल्यावर कंपनीने खेळायची खोली केली होती. जेवणाच्या सुट्टीत तिथे मोठ्या टीव्हीवर एक गेम चाले, कुठल्याशा गाजलेल्या हेरकथेवरून बेतलेला. एक हेर, शत्रूची उंच इमारत, शेवटच्या मजल्यावर गुप्त फाइल आणि वाटेत गार्डच गार्ड. त्यांना मागून गाठून गळा आवळायचा, नाहीतर बिनआवाजाच्या पिस्तुलाने उडवायचं. कंपनीतली दोन पोरं, राकेश आणि हर्षाली, तीन दिवस एकाच टप्प्यावर अडकून पडले होते. राउंडला आलेला मल्हारी दारात दिसला आणि राकेशच्या डोक्यात किडा वळवळला.

"या ना काका! तुमचीच माणसं आहेत. बघू कशी मारता!"

हर्षालीने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. गार्डच्या हातून गार्ड मरताना बघायची सगळ्यांना भारी हौस. मल्हारीची जाड बोटं चुकीची बटणं दाबत होती, हेर तीनदा पकडला गेला आणि खोली हसून लोळली.

"काका, गोळी घाला ना त्याला!"

"ड्युटीवरच्या माणसाला कशाला मारायचं? थांबा. तो आता कोपऱ्यात बिडी वढाया जाईल."

आणि तो पडद्यावरचा गार्ड खरोखर कोपऱ्यात गेला. मल्हारीने हेराला अलगद पुढे काढलं. हसू थांबलं. पाळी बदलताना पहिली दहा मिनिटं मागच्या दाराकडे कुणी बघत नाही, टेबलावरचा माणूस दोनदा जांभई देऊन उठतो, हे सगळं त्याला न सांगता ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्याला मुद्दाम बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी पोरं त्याला नावाने हाक मारू लागली. मल्हारीकाका! त्या हाकेने तो गुळाकडे मुंगळा ओढला जावा तसा वर ओढला जाऊ लागला, आणि पोरांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

शुक्रवारी शेवटचा टप्पा होता. गर्दीत दीपकही उभा होता. इमारतीची सगळी व्यवस्था त्याच्या हातात. एक गार्ड कमी करा, असं त्याला वरून सांगून महिना झाला होता आणि कारण काही सापडत नव्हतं. पडद्यावर शेवटच्या मजल्याचा जिना आला तसे सगळे ओरडले, वर गार्ड आहे, थांबा! मल्हारी थांबलाच नाही. वर कुणीच नव्हतं. फाइल हातात आली, शिट्ट्या झाल्या, राकेशने त्याला मिठी मारली.

"कसं काय ओळखलंत हो?" दीपकने प्रेमाने विचारलं.

"साहेब, वरच्या मजल्यावर गार्ड जातच नाय. हजेरी मशीनमध्ये लागती, माणूस खालीच ऱ्हातो."

"असं कसं होईल?"

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. मल्हारीने खिशात हात घातला आणि सातही बटणं काचेच्या टेबलावर टाकली. "हे असं! आपली झुंबरबाई बघा, खुर्चीत बसून सात मजले चढती!"

केवढा हशा पिकला. दीपक सगळ्यांत जास्त वेळ हसला. मग त्याने एकेक बटण उचलून आपल्या खिशात घातलं, तेव्हा कुठे मल्हारीला आपण काय बोललो ते कळलं.

साडेतीनला झुंबरबाईला वर बोलावलं. चार वाजता मल्हारीला.

"बटणं कुणी काढली?" दीपकने विचारलं. बाईने माझं नाव घेतलंच असणार, असं मल्हारीने धरून टाकलं. दीपकनेच वाट करून दिली. "तुम्ही जिने चढता, सगळे बघतात. तिनेच काढून तुमच्याकडे ठेवायला दिली असतील. तसं लिहून द्या. पोरांचे तुम्ही लाडके आहात, तुम्हाला कशाला हात लावू?"

कमी तर एकच गार्ड करायचा होता; एक शब्द खरा बोलला असता तर कदाचित बाईचं ताट राहिलं असतं. मल्हारीने आठवी शिकलेल्या हाताने सुबक अक्षरात लिहिलं, "बटणे झुंबरबाईंनी काढली." सही केली, तारीखही विसरला नाही. अशा माणसाची कीव करावी म्हटलं तरी मला जमत नाही.

खाली आला तेव्हा बाई टोपी आणि शिट्टी टेबलावर ठेवून डबा पिशवीत भरत होती.

"उद्यापासून येऊ नका म्हटले. कुणी चुगली केली आसंल, दादा?"

"काय म्हाईत," मल्हारी म्हणाला.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही घाबरू नका. साहेबानं दोनदा इचारलं, बटणं कुणी काढली. म्या सांगितलं, मीच काढली. माझी तर जाणारच व्हती, तुमची तरी ऱ्हावी."

फाटक उघडून धरायचंही त्याला सुचलं नाही. बाईने ते आपल्याच हाताने ढकललं आणि ती गुडघा धरत रस्त्याला लागली.