एका कानाचा जागतिक दौरा

निघायच्या दिवशी सकाळी सुनंदावहिनींनी आम्हा दोघांच्या हातावर दही घातलं आणि मला म्हणाल्या, "भावोजी, यांना सांभाळा." मी हो म्हणालो. माझ्या खोटेपणाची सुरुवात बिबवेवाडीतच, तिसऱ्या मजल्यावर झाली. परदेशी जाऊन बिघडलो असं कोणी म्हणू नये.

श्रीधर लिमये, म्हणजे वहिनींचे 'हे', माझा कॉलेजपासूनचा मित्र. वय बहात्तर. सगळं पुणं नाट्यसंगीतावर माना डोलवत होतं तेव्हा हा गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून मराठीत रॉक गात होता. त्याच्या वडिलांनी एकदाच ऐकलं आणि विचारलं, हे गाणं आहे की भांडण. माझं बुधवार पेठेत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे गेली चाळीसेक वर्षं त्याच्या प्रत्येक कार्यक्रमात आवाजाच्या यंत्रावर मीच बसतो. तरुणपणी त्यानं एक रेकॉर्ड काढली होती. विकल्या गेल्या त्याहून जास्त प्रती आम्ही लग्नामुंजीत आहेर म्हणून खपवल्या. त्यातली एक फिरत फिरत हाम्बुर्गच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याच्या हाती लागली. त्या भल्या माणसानं ती पुन्हा छापली, तिकडची पोरं वेडी झाली आणि आमंत्रणं आली. जपान, जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड आणि शेवटचा कार्यक्रम पुण्यात. जाहिरातीवर 'जागतिक दौरा' छापलेलं पाहून आमच्या गल्लीतल्या एकानं विचारलंच, "जग म्हणजे कुठपर्यंत हो? कात्रजपर्यंत?"

आता खोटेपणाचं सांगतो. निघण्याच्या महिनाभर आधी आम्ही दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. वहिनींना नेलं नव्हतं, यातच सगळं आलं. डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला आहे, डावा अर्धा उरलाय. मोठ्या आवाजात आणखी गायलात तर तोही जाईल आणि मग काही करता येणार नाही. बाहेर येऊन लिमयेनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. सुनंदाला कळता कामा नये, एवढा एक दौरा होऊ दे, मग मी गप्प बसतो, म्हणाला. मी शपथ घेतली. या वयात दोन म्हातारे स्कूटरपाशी उभं राहून शपथा घेताहेत, हे बघून पार्किंगवाला हसत होता.

गाणाऱ्याच्या पायाशी एक स्पीकर असतो. त्याला मॉनिटर म्हणतात (त्यातून गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, म्हणजे सूर सुटत नाही). आमची कामाची पद्धत ठरलेली. गाताना लिमयेनं बोट वर केलं की मी मॉनिटरचा आवाज एक आकडा वाढवायचा. का, कशाला, विचारायचं नाही. पूर्वी चारवर भागायचं.

पहिला मुक्काम ओसाका. शहर इतकं स्वच्छ की खिशातला बसच्या तिकिटाचा कपटा मी चार दिवस सांभाळला. जेवायला चिकट भात मिळाला. त्यावर मी वहिनींनी दिलेलं मेतकूट घातलं आणि वाढणाऱ्या बाईंनी वाकून नमस्कार केला, माझी कीव आली म्हणून की मेतकुटाचा मान म्हणून, देव जाणे. कार्यक्रमाला सगळे शाळेतल्यासारखे गप्प बसले होते. लिमयेनं तीनदा बोट वर केलं. सातवर तो सुरात आला आणि असा गायला की मीच सगळं विसरलो. वीस वर्षांत मी त्याला असं ऐकलं नव्हतं.

हाम्बुर्गला पाऊस, करडी नदी आणि तिच्या काठावर बंदराच्या क्रेन. लिमयेनं हेरिंग मासा घातलेला पाव मिटक्या मारत खाल्ला. मी शाकाहारी, म्हणून उकडलेल्या बटाट्यांकडे वळलो. सभागृह खच्चून भरलेलं. निळ्या केसांच्या पोरी त्याची मराठी गाणी तोंडपाठ म्हणत होत्या. 'ळ' चुकत होता, बाकी शब्द न् शब्द बरोबर. पुण्यात ज्याला आयुष्यभर 'नोकरी काय करता' एवढंच विचारलं, त्याला तिथे लोक हात लावून बघत होते. तो रडला. मॉनिटर आठवर होता.

रॉटरडॅमला वारा इतका की उभं राहता येईना. वाऱ्यातून पळत आम्ही एका सुरिनामी खानावळीत शिरलो. मालकीणबाईंचे पणजोबा बिहारमधून दक्षिण अमेरिकेत, सुरिनामच्या उसाच्या मळ्यावर गेलेले, म्हणून त्या जुन्या वळणाची हिंदी बोलायच्या. रोटी आणि चण्याची आमटी वाढली. लिमयेला त्यांनी काहीतरी दोनदा विचारलं. तो नुसता हसला. मग त्या मला म्हणाल्या, यांना ऐकू येत नाही ना? मी म्हणालो, थोडं कमी येतं. त्यांचे वडील जहाजावर बॉयलरपाशी काम करायचे, त्यांचं असंच झालं होतं. शेवटची नऊ वर्षं ते खिडकीशी बसून होते. कोणी आलं की आत निघून जायचे, कारण सारखं 'काय? काय?' विचारायची लाज वाटायची. बाई हे सांगत होत्या आणि लिमये समोर बसून शांतपणे रोटी तोडत होता. मला भीती वाटली.

तरी त्या संध्याकाळी त्यानं बोट वर केलं आणि मी आवाज वाढवला. शपथ होती म्हणून वाढवला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो सुरात असला की मलाही मोठं झाल्यासारखं वाटत होतं. दुरुस्तीवाल्याला कोण विचारतं? तिकडे लोक माझ्याही सह्या घेत होते.

इंग्लंडमध्ये लीड्सला जायची गाडी बदलायची होती. गाडीतून दिसलेला मुलूख सुंदर होता, दगडी कुंपणं, ओली हिरवळ, मेंढ्या. स्टेशनवर मी चहा आणायला गेलो तेवढ्यात फलाट बदलल्याची घोषणा झाली. सगळी माणसं पूल चढून पलीकडे गेली. मी धावत परत आलो तर रिकाम्या फलाटावर लिमये एकटाच, दोन बॅगा आणि गिटार घेऊन, रुळांकडे बघत उभा. मी मागून तीन हाका मारल्या. त्याला एकही ऐकू गेली नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला आणि हसून म्हणाला, "गर्दी कमी झाली, बरं झालं."

लीड्सला मॉनिटर दहावर गेला. त्यापुढे आकडाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत चहाची किटली शिट्टी वाजवत होती आणि तो तिच्या शेजारी बसून मला म्हणाला, "विन्या, ती घंटा बंद कर रे, रात्रीपासून वाजतेय." घंटा कुठेच नव्हती. ती त्याच्या कानात होती. मी किटली बंद केली. घंटा बंद झाली नाही, असं तो म्हणाला. माझी मलाच किळस आली. त्याचा कान मी माझ्या हातानं, एकेक आकडा करून संपवत आणला होता.

विमानात त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. म्हणून मी कागदावर लिहिलं: पुण्याचा कार्यक्रम रद्द कर. त्यानं वाचलं, कागदाची घडी केली आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कान राखून काय करू? कुकरच्या शिट्ट्या मोजू? विन्या, जगानं ऐकलं. पुण्यानं एकदा ऐकलं की झालं." त्याला पुण्याचीच भूक होती, हे मला आधी कळायला हवं होतं.

कार्यक्रम हिंजवडीला, एका कंपनीच्या हिरवळीवर होता. बिबवेवाडीहून तिथे पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हाम्बुर्गहून निम्मं जर्मनी पार झालं असतं. पुढच्या रांगांत आमचे जुने कॉलेजचे लोक, मागे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आयटीतली मुलं. वहिनी दुसऱ्या रांगेत, ठेवणीतली पैठणी नेसून. मी मॉनिटर दोनवर ठेवला.

पहिल्याच गाण्यात त्यानं बोट वर केलं. मी हात मांडीखाली घालून बसलो. त्यानं पुन्हा बोट वर केलं, मग पुन्हा, मग माझ्याकडे बघत पूर्ण हात वर केला. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाही. त्याचा सूर उतरला. ठेका मागे राहिला. तो वाद्यवृंदाच्या मागे मागे धावू लागला आणि ते बघवेना. दुसऱ्या गाण्याला लोक घड्याळं बघू लागले. पहिल्या रांगेतला एक वर्गमित्र शेजाऱ्याला म्हणाला, "हे जगभर ऐकवून आले?" शेजारी हसला. माझा हात दोनदा बटणापर्यंत गेला. एक आकडा वाढवला असता तरी तो सावरला असता. मी वाढवला नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मागच्या खुर्च्या रिकाम्या होताना त्याला दिसल्या. त्यानं गिटार उतरवून ठेवली, पायऱ्या उतरून तो सरळ माझ्याकडे आला आणि यंत्रावरचा आकडा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू?" बस्स, एवढंच. आणि वहिनींना घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना फोन करून शपथ मोडली, डॉक्टरांपासून लीड्सपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, भावोजी, तुम्ही वाचवलंत. त्या म्हणाल्या, "चार देश हिंडून आल्यावर सांगताय?" आणि फोन ठेवला. बरोबरच होतं त्यांचं.

त्यानंतर दोन महिने गेले. लिमये कान तपासून घ्यायला तयार नाही. घरात कोणाशी बोलत नाही, काही विचारलं तर बघत राहतो. खरंच ऐकू येत नाही की रागानं, ते वहिनींनाही कळेना. लोक मला दौऱ्याबद्दल विचारतात, तेव्हा मी ओसाकाची स्वच्छता आणि इंग्लंडातल्या मेंढ्या सांगतो. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी शहाणा झालो तो शेवटच्या मुक्कामाला, आणि तोवर उशीर झाला की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

काल न राहवून गेलो. तीन मजले चढलो. वहिनींनी दार अर्धं उघडलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पंखा खडखडत होता. मी अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत विचारलं, "आहे का तो?"

आतून खणखणीत आवाज आला. "विन्या आलाय ना? मी घरी नाही म्हणून सांग त्याला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दाराची कडी घट्ट धरून ठेवली आणि ठरल्यासारखं म्हणाल्या, "नाहीयेत ते घरी." मी बरं म्हणालो आणि जिना उतरू लागलो.