चित्रं देखाना अभ्यास

जळगाव स्टेशनावर सुरत पॅसेंजर लागली होती आणि माझ्या आईला, म्हणजे मायला, प्रश्न पडला होता की रडायचं कधी. "आते रडू का मंग रडू?" तिने खरोखरच विचारलं, आणि निरोपाला आलेल्या गल्लीतल्या सगळ्या बाया हसल्या.

तिची अडचण खरी होती. मी घर सोडून चालले होते की नव्हते, हे कुणालाच माहीत नव्हतं. बडोद्याला कलेचा इतिहास या विषयात एम.ए. करायचं मी ठरवलं होतं, पण माझे वडील, नाना, अजून हो म्हणाले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "मी सोता देखसू. नही पटनं ते दोन्ही परत." म्हणून तेही माझ्याबरोबर निघाले होते. मायने डबा बांधला तो दोघांच्या जाण्याचा आणि दोघांच्या येण्याचा. माझ्या ट्रंकेत वर्षभराचे कपडे होते, पण हिवाळ्याचं स्वेटर तिने मुद्दाम घरी ठेवून घेतलं होतं. तेवढी आशा तिने राखली होती.

तुम्ही जे खानदेशातच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच कुठल्या ना कुठल्या गाडीत बसून निघालात, त्या सगळ्यांना ही हकिगत सांगावीशी वाटते. वीसेक वर्षांपूर्वीची, साठीच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्याकडची मुलगी फार शिकली तर बी.एड. करायची. माझ्यासाठी नशिराबादच्या शाळेत जागा होणार असल्याची बातमीही लागली होती.

मग हे खूळ आलं कुठून? तर आमच्या दुकानातून. नानांचं जळगावात तसबिरींचं दुकान होतं. देवादिकांची छापील चित्रं, लग्नाचे फोटो, वारलेल्या आजोबांचे फोटो, सगळ्यांना ते चौकट आणि काच बसवून देत. शाळेतून आले की मी तिथेच बसायची. भिंतीवर पाच-सहा लक्ष्म्या असायच्या. एकीचं नऊवारी, एकीचं गुजराती पद्धतीचं पाचवारी. एकीचे डोळे आमच्या शेजारणीसारखे, एक थेट सिनेमातली नटी. देवी एकच, मग तोंडं इतकी वेगळी का? मी नानांना विचारायची. "छापनारनी मर्जी," असं म्हणून ते काच कापायला वळत. उत्तर मला पुरत नसे.

कॉलेजात मी इतिहास घेतला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमची सहल अजिंठ्याला गेली. आमच्या मुली डबे उघडायला झाडाखाली पळाल्या आणि मी एका लेण्यात मागे राहिले. तिथे चारपाच मुलंमुली जमिनीवर बसून चित्रातला एक हात कागदावर उतरवत होती. फक्त हात! त्यांतली कोकिळा नावाची मुलगी बडोद्याची निघाली. मी विचारलं, "तुम्हीपण सहलीला आलात?" ती म्हणाली, "ना, ना. आ तो अमारो अभ्यास छे." चित्रं बघणं हाच अभ्यास, आणि त्याची पदवी मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर तसाच हात काढून बघत होते. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा नाना आधी हसले. "चित्रं देखाना अभ्यास? मंग ते मी बी एम.ए. शे!" मग हसू थांबलं आणि वाद सुरू झाला. मायचं म्हणणं, एवढी शिकलेली मुलगी पत्करणार कोण? थोरला भाऊ म्हणाला, नशिराबादची नोकरी सोडून कुणी बडोद्याला जातं का? नाना ऐकून घ्यायचे आणि दुकानात निघून जायचे. आठवडाभर हेच चाललं.

शेवटी पारोळ्याहून अक्का आली. नानांची थोरली बहीण. तिला कुणी बोलावलं हे कुणीच कबूल केलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायली आणि भावाला म्हणाली, "तू बी ते पारोळं सोडीसन जळगावले उना ना? तुले कोनी आडावं का?" नाना म्हणाले, मी पुरुष माणूस. अक्का म्हणाली, "मंग जाय ना तिनी संगे, पुरुष मानूस! देखीसन ये." अशी ती सुरत पॅसेंजर ठरली.

अमळनेर, नंदुरबार करत, सुरतेला गाडी बदलून आम्ही बडोद्याला पोचलो. वाटेत नाना खिडकीतून फक्त कपाशीची शेतं बघत होते आणि पीक कसं आहे ते मला सांगत होते.

मुलाखतीत विभागाच्या सरांनी विचारलं, आजवर कोणती चित्रं पाहिलीत? मी अजिंठ्याबद्दल घोकून गेले होते, पण तोंड उघडलं आणि एक वाक्य आठवेना. शेवटी जे मनात होतं तेच बाहेर आलं. मी दुकानातल्या लक्ष्म्यांबद्दल बोलायला लागले. कुणाचं लुगडं कसं, कमळ कुणाच्या हातात आणि कुणाच्या पायाखाली, हत्ती कुठे दोन आणि कुठे एक, आणि हे असं का असावं ते मला कळत नाही. सर पुढे झुकून ऐकत होते. मग म्हणाले, "आणि हे दुकान कुणाचं?" मी दाराकडे बोट दाखवलं. बाहेर बाकावर नाना टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

सरांनी त्यांना आत बोलावलं नाही. ते स्वतः बाहेर गेले आणि म्हणाले, "काका, मुलीला आम्ही घेतलं. दुपारी माझा तास आहे. येऊन बसा."

त्या तासाला खोलीत अंधार करून पडद्यावर यंत्राने चित्रं दाखवत. नाना शेवटच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. देवळांतल्या मूर्ती झाल्या, राजस्थानातली लहान लहान चित्रं झाली. नानांचा श्वास संथ झाला तेव्हा मला वाटलं, झोपले. सर बोलत होते की देव जेव्हा छापखान्यात आला तेव्हा तो गरिबाच्याही भिंतीवर गेला, आणि पडद्यावर एक मोठी लक्ष्मी उमटली.

"अरे, ही ते आपली लक्ष्मी शे!"

नानांचा तो आवाज, ऐन तासात. सगळा वर्ग वळला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सर थांबले आणि म्हणाले, "काका, ओळखता तुम्ही हिला?"

"ओळखतो म्हणजे?" नाना उभेच राहिले. शुद्ध मराठीत बोलायचं भान त्यांना तेवढ्यात आलं. "जळगावात कितीतरी घरांत मीच टांगली तिला!"

वर्गात हशा उसळला, पण तो टवाळीचा नव्हता. अजिंठ्याला भेटलेली कोकिळा, जी पुढच्या रांगेत होती आणि मला विसरली नव्हती, टाळ्या वाजवायला लागली. नानाही हसत खाली बसले. उरलेला तास ते झोपले नाहीत.

तास संपल्यावर त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला. "हे शिकून माझी मुलगी करेल काय?" सर म्हणाले, "एखाद्या संग्रहालयात काम मिळेल, कॉलेजात शिकवता येईल. पण मिळेलच असं मी म्हणत नाही. जागा थोड्या आहेत." मला वाटलं, संपलं. सर थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं! पण वसतिगृहाच्या फाटकाशी येईपर्यंत नानांचं ठरलं होतं. "मानूस खरं बोलना," ते म्हणाले. "तुले पटनं ना?" मी मान डोलावली. त्यांनी डबा उघडला, परतीच्या चटणीभाकरीतली निम्मी माझ्या हातावर ठेवली आणि टोपी घालून चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. मायने स्टेशनावर राखून ठेवलेलं रडू मग मीच फाटकाशी उभी राहून रडून घेतलं.

पहिले महिने जिभेचे हाल झाले. वरणात गूळ, भाजीत साखर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा स्वप्नात यायचा. भाषेचा मात्र त्रास नाही. पुण्यामुंबईच्या मुली गुजरातीत अडखळायच्या आणि मी पहिल्या दिवसापासून भाजीवालीशी भांडत होते. त्यांचं 'छे' आणि आमचं 'शे', सगळ्यांना त्यांचं 'बधा' आणि आमचं 'बठ्ठा', अंतर ते किती! हळूहळू माझी मराठीही बिघडली. सुट्टीत घरी गेले की मी भावाला "चालो" म्हणायची आणि तो कपाळाला हात लावायचा.

एम.ए. संपत आलं तेव्हा जळगावातल्याच एका शाळेत जागा निघाली. माय म्हणाली, आता ये. मलाही यावंसं वाटत होतं. भावाला मुलगा झाला त्याचं बारसं हुकलं होतं, अक्काच्या शेवटच्या दुखण्यात तिला भेटता आलं नव्हतं. इकडे एका संग्रहालयात मदतनिसाचं काम मिळत होतं, आणि सर विचारत होते, पीएच.डी. कशावर करणार? मी नानांना विचारायला म्हणून गेले. ते दुकानात चौकटीला खिळे मारत होते. वर न बघता म्हणाले, "मी बठ्ठी गल्लीले सांगी बसनू, पोर चित्रांनी डॉक्टर होनार शे. आते तू परत उनी ते मी काय सांगू?"

मग मी संशोधनासाठी विषय निवडला खानदेशातल्या जुन्या देवळांचा. वर्गातल्या मुलांनी नावाजलेली ठिकाणं घेतली होती. मला वाटलं, आपल्याकडच्या देवळांना कुणी विचारलंच नाही, तर आपण विचारू. संग्रहालयात नोकरी केली, पदवी झाली, पुढे शिकवायला लागले. बडोद्यातच संसार झाला. नाना आता थकले, दुकान भाऊ बघतो.

गेल्या हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन बळसाण्याला गेले. धुळ्याच्या पलीकडे, साक्री तालुक्यात. मुलं गुजराती, काही बंगाली. दगडी खांबांची मापं घेत होतो आणि मी हिंदीत समजावत होते. एक म्हातारी, डोक्यावरचा भारा खाली ठेवून, बराच वेळ आमच्याकडे बघत बसली. मग तिने मलाच निवडलं.

"कोनी शे वं तू?"

तू कोण, असं नाही, कुणाची. बडोद्यात इतकी वर्षं राहिले, तिथे मला नाव विचारलं, विषय विचारला, हुद्दा विचारला. हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. मी वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मूळ गाव पारोळा सांगितलं. ती कुणालाच ओळखत नव्हती. तरी तिने विचार करून पारोळ्याला दिलेली आपली एक चुलत नणंद शोधून काढली आणि तिचं समाधान झालं.

"मंग तू ते माहेरले उनी शे," ती उठत म्हणाली. "जेवाशिवाय कशी जाशी?"

माझ्याबरोबर एवढी मुलं आहेत म्हटलं, तर तिने ती मोजलीही नाहीत. भारा डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली. मुलं विचारत होती, मॅडम, काय म्हणाल्या त्या? मी टेप गुंडाळला. "जेवायला बोलावलंय," मी सांगितलं. "आपल्या घरी."

राहिलेल्या खांबांची मापं आम्ही जेवणानंतर घेतली.